नासोरोच्या खोलीचे दगड

मसूदी अबुशिरी माशांशी बोलतो, हे आमच्या वसीनी बेटावर सगळ्यांना ठाऊक आहे. पण काय बोलतो ते फक्त मला ठाऊक, कारण त्याच्या आणि माझ्या अंगणात जेमतेम कमरेएवढी भिंत आहे आणि माझे कान अजून शाबूत आहेत. "आज उशीर झाला, रागावू नका," असं तो टाकीतल्या चिलापींना म्हणतो. "खाद्य जरा कमी आहे, सांभाळून घ्या." ज्या माणसाने उभ्या जन्मात बायकोला उशिराचं कारण सांगितलं नाही, तो आता मासळीची माफी मागतो. ऐकून मला हसू येतं, आणि हसू ओसरलं की वाईट वाटतं.

लहानपणी आम्ही एकत्र खेकडे धरलेत, म्हणून इथे त्याला 'तो' म्हणते. तोंडावर मी त्याला सगळ्यांसारखी 'नासोरोचे बाबा' अशीच हाक मारते. आमच्याकडे पहिलं मूल झालं की आईबापांची स्वतःची नावं मागे पडतात. मसूदी नासोरोचे बाबा झाला आणि त्याची बायको झेना नासोरोची आई झाली. नासोरोला समुद्राने नेलं त्याला सहा वर्षं होऊन गेली, पण नाव कोण बदलणार? मशिदीतून येता-जाता, धक्क्यावर, दुकानात, जो तो मसूदीला मुलाच्या नावाने हाक मारतो. हाक मारणाऱ्याच्या ते ध्यानातही नसतं. ऐकणाऱ्याच्या असतं.

नासोरो दोघांबरोबर सुरमईला गेला होता. होडी सापडली, माणसं सापडली नाहीत. मसूदी स्वतः सुरमईचा नावाजलेला मच्छीमार, पण त्या आठवड्यानंतर त्याने आपली होडी ओढून बाओबाबच्या झाडाखाली उपडी घातली ती घातलीच. आता तिच्याखाली माझ्या कोंबड्या अंडी घालतात. तो दुसऱ्यांची जाळी दुरुस्त करतो, तीही समुद्राकडे पाठ करून.

आता त्या दगडांचं सांगते. आमच्या बेटावर माती नाही. सगळं बेट म्हणजे प्रवाळाचा पांढरा दगड, आणि घरंही त्याचीच. मुलगा वयात आला की बाप आणि मुलगा मिळून ओहोटीला दगड तोडतात, चौकोनी करतात, आणि अंगणात रचून ठेवतात. पावसाने दोन-तीन वर्षं त्यातलं मीठ धुऊन गेलं की मग त्याची खोली बांधायची आणि नवरी आणायची. अंगणात रास दिसली की मुलींच्या आया त्या घराकडे जरा थांबून बघतात. मसूदीच्या अंगणातली रास बेटावरच्या चांगल्या राशींपैकी होती. नासोरो हाताचा सुबक होता, त्याचा दगड कापल्यासारखा सरळ यायचा.

तो गेला आणि रास राहिली. खोली बांधायची कुणासाठी, आणि दगड विकायचा कुठल्या तोंडाने? झेनाने तिला कधी हात लावू दिला नाही. दगडांच्या फटीत उगवलेलं गवत ती दर शुक्रवारी उपटायची. मुलाची कबर नव्हती, तेव्हा बाईला कुठेतरी जाऊन बसायला हवंच होतं. आम्ही बायका समजून होतो. मसूदीलाही समजलं असेल असं आम्हाला वाटायचं. पुरुषांच्या बाबतीत असं काही गृहीत धरू नये.

झेना पलीकडच्या किनाऱ्यावरची, मातीतली पोर. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं एकच रडगाणं: दाराशी चार हिरवी पानं नाहीत. होडीतून डब्यांत माती आणून तिने माठ लावून पाहिला, भेंडी लावून पाहिली. काही खाऱ्या वाऱ्याने गेलं, काही माझ्या शेळीने खाल्लं. पाणी तर पावसाचं साठवलेलं तेवढंच, ते भाजीला घालायचं की प्यायचं?

मग एका संस्थेकडून म्विकाली नावाची पोरगी आली. आतल्या डोंगराळ भागातली, हसरी, बुटांत वाळू गेली की दर पाच पावलांवर थांबणारी. तिने मशिदीमागच्या सावलीत सगळ्यांना बसवून समजावलं. खाली माशांची टाकी, वर खडीने भरलेला वाफा, खडीत भाजी. सौर पंप पाणी वर नेतो, ते खडीतून झिरपून परत टाकीत येतं. माशांच्या घाणीचं पाण्यातले न दिसणारे जंतू खत करतात, ते भाजी खाते आणि पाणी निवळून माशांना मिळतं. माती नको, आणि पाणीही तेच तेच फिरतं.

"म्हणजे माशांनी घाण करायची आणि आम्ही खायची," मी म्हटलं.

"बी अरफा, तुम्ही आत्ता जो ऑक्टोपस खाऊन आलात तो काय गुलाबपाणी पीत होता?" पोरगी म्हणाली, थोरल्या बाईला आमच्याकडे लावतात ते 'बी' लावून. सगळे हसले. तेव्हापासून ती मला आवडते.

मसूदीने हात वर केला. त्याला टाकी हवी होती. सहा वर्षांत त्याने काही मागितलेलं कुणी पाहिलं नव्हतं. म्विकालीने टाकी, नळ्या, पंप दिला, चिलापीची पिल्लं दिली आणि जाताना सांगितलं, "वाफ्यात खडी भरा, स्वच्छ धुऊन." कुठली खडी ते तिने सांगितलं नाही. तिच्या गावात दगड म्हणजे काळा दगड. आमच्या गावात दगड म्हणजे प्रवाळ. दोघांनाही वाटलं, दगड तो दगड.

झेना तेव्हा लिकोनीला होती, मोम्बासाच्या अलीकडे, लेकीच्या बाळंतपणाला. लेक तिमा चाळीस दिवस उठणार नव्हती. इकडे मसूदीच्या अंगणातून हातोड्याचा आवाज येऊ लागला. मी भिंतीवरून डोकावले तर हा माणूस राशीपाशी बसून एकेक दगड फोडतोय.

"नासोरोचे बाबा, हे काय चाललंय?"

"खडी करतोय. बाहेरचा दगड खारट आहे, हा पावसात धुतलेला आहे. याच्याइतका स्वच्छ दगड बेटावर नाही."

"तिला विचारलंत?"

"ती येईल तेव्हा माठ वर आलेला असेल," तो म्हणाला. "बघूनच खूश होईल."

त्याचा चेहरा इतका उजळलेला होता की मी पुढे बोलले नाही. खरं तर मला वाटलं, बरं झालं, ती रास एकदाची संपली. मी विधवा बाई. नवऱ्याच्या वस्तू मी वर्षाच्या आत वाटून टाकल्या. माझ्या मापाने मी दुसऱ्याचं मोजलं.

झेना आली तेव्हा माठ खरोखरच बोटभर वर आला होता. मी भिंतीशीच होते. तिने हातातलं बोचकं खाली ठेवलं, राशीच्या जागेकडे पाहिलं आणि विचारलं, "दगड कुठायत?"

मसूदीने वाफा दाखवला. "बघ, माठ. पालकपण पेरलाय."

ती वाफ्यापाशी गेली, ओल्या खडीत हात घातला, एक तुकडा काढून पाहिला आणि परत ठेवला. रात्रीचा भात रांधला, भांडी घासली, आणि सकाळच्या पहिल्या होडीने बोचकं घेऊन निघाली. जाताना भिंतीशी थांबून मला म्हणाली, "सहा वर्षं मी ते सांभाळलं, अरफा. याने मला विचारलंसुद्धा नाही."

मसूदी धक्क्यावर उभा होता. बाळासाठी काही राहिलं असेल म्हणून गेली, असंच तो महिनाभर सगळ्यांना सांगत होता.

दर गुरुवारी मी वाळवलेला ऑक्टोपस घेऊन लिकोनीच्या बाजारात जाते. सकाळी जाते, संध्याकाळच्या होडीने परत. एका गुरुवारी मसूदी टोपली घेऊन भिंतीशी आला. टोपलीत माठाची कोवळी जुडी, वर ओला कपडा.

"तिला दे. काही सांगायचं नाही. नुसती दे."

"आणि तिने विचारलं तर?"

"काय विचारेल?"

"मला काय ठाऊक? तुमची बायको."

त्याने टोपलीवरचा कपडा पुन्हा सारखा केला. मग म्हणाला, "मासे बरे आहेत म्हणून सांग."

माझ्या लक्षात आलं, या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे: दाराशी हिरवळ झाली की झेना परत येईल. तिला जन्मभर जे हवं होतं ते त्याने केलं होतं, तेव्हा ती न येऊन कुठे जाईल? त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच. आपण चुकलो, असं म्हणता येतं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

झेनाने ती जुडी घेतली, टोपली रिकामी करून दिली. "तुझ्या शेजाऱ्याला सांग, टोपली फाटलीये," एवढंच म्हणाली. मी तेही जसंच्या तसं सांगितलं. पुढच्या गुरुवारी टोपली शिवलेली होती.

पण माठ बिघडू लागला. जुनी पानं ठीक होती, नवी येतील ती पिवळी. पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, जणू कुणी त्यातलं रक्त काढून घेतलंय. पालक तर पांढरा पडायला आला. मासे मात्र मजेत होते, खात होते, वाढत होते. मसूदी त्यांना जास्त खाद्य घालू लागला. पाणी गढूळलं, पानं पिवळी ती पिवळीच.

बेटावर सल्ले देणाऱ्यांना तोटा नाही. एकाने सांगितलं, गंजके खिळे टाका, त्याच्या मेहुण्याने टाकले होते. मसूदीने आपल्या होडीचेच खिळे उपटून टाकीत टाकले. दुसऱ्याने सांगितलं, चुलीतली राख घाला. राख घातल्यावर तर आठवड्यात सगळं आणखी पिवळं झालं.

तशीच पिवळी जुडी घेऊन मी लिकोनीला गेले. नाही म्हणायला हवं होतं, पण त्याने टोपलीवर इतका नीट कपडा घातला होता.

झेना दारात नात मांडीवर घेऊन बसली होती. तिने कपडा उचलला आणि पानं पाहिली. "हे काय आहे?"

"माठ."

"हा माठ? शेळीपण तोंड लावणार नाही." मग तिचा आवाज बदलला. "त्या दगडांवर काही उगवायचं नाही, अरफा. सांग तुझ्या शेजाऱ्याला. माझ्या पोराची खोली फोडून त्यावर भाजी लावतो. उगवेल कशी?"

आणि मी सांगितलं. मला सांगायची गरज नव्हती, पण माझ्या तोंडाला झाकण नाही, ते एक आहेच; शिवाय मला त्याचा रागही आला होता. वाटलं, कुणीतरी याला हे ऐकवायलाच हवं. मसूदीने ऐकलं, मान हलवली आणि वाफ्याशी जाऊन बसला. त्या दिवसापासून त्याने माशांशी बोलणं बंद केलं. मी भिंतीच्या अलीकडून ऐकत राहायची, पंपाचा आवाज तेवढा यायचा. ते मला मुळीच आवडलं नाही. त्याच्या बोलण्याची मला सवय झाली होती, आणि माझ्या घरातही बोलणारं कुणी नाही.

जेवायचाही नाही. मक्याच्या पिठाच्या उगालीचा गोळा झाकून ठेवायचा आणि सकाळी तसाच माझ्या कोंबड्यांना आणून द्यायचा. "पोट भरलंय," म्हणायचा. शेवटी मी म्विकालीला फोन केला. म्हटलं, "पोरी, तुझी भाजी मरतेय आणि तिच्याबरोबर आमचा माणूसपण."

ती दोन दिवसांनी आली. बुटांतली वाळू झाडत अंगणात शिरली, वाफा पाहिला आणि जागच्या जागी थांबली. खडीचा एक तुकडा उचलून बोटांत फिरवला.

"हा कुठला दगड, बाबा?"

"इथलाच," मसूदी म्हणाला.

तिने पाणी तपासायची कागदाची पट्टी टाकीत बुडवली, तिचा रंग बदललेला पाहिला आणि कपाळाला हात लावला. "चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं. हा दगड नाही, हा चुना आहे. तो पाण्यात विरघळत राहतो. राखेनेही तेच केलं."

"म्हणजे पाण्यात लोह नाही?" मी विचारलं, कारण खिळे टाका म्हणणाऱ्याने तेच सांगितलं होतं.

"थोडं असेलही. माशांच्या खाद्यातून बाकीचं बरंच मिळतं, पण लोह, पोटॅश आणि चुना कमी पडतो, ते आपण द्यावं लागतं. इथे चुना इतका झालाय की पाण्यातलं लोह मुळांना घेताच येत नाही. समोर आहे, पण पोटात जात नाही. कितीही खिळे टाका."

मसूदी ऐकत होता. मी त्याच्या चुलीवरच्या झाकलेल्या ताटलीकडे पाहिलं.

"म्हणजे दगडांमुळेच," तो म्हणाला.

"दगडांमुळेच."

"नासोरोची आई बरोबर म्हणाली होती."

म्विकालीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून तिला गप्प बसवलं. तिने सांगितलं की सगळी खडी काढा. काळा दगड पलीकडून आणायचा तर होड्याच्या होड्या लागतील. नारळाच्या करवंट्या फोडून भरल्या तरी चालतील, त्या काही विरघळत नाहीत. टाकीतलं निम्मं पाणी बदला. आणि लोहाची लालसर पूड ती देऊन गेली, पाण्यात घातली की काळ्या चहासारखा रंग यायचा.

बेटावर करवंट्या गोळा करणं म्हणजे काहीच नाही. ज्याच्या त्याच्या मागच्या दारी ढीग असतात. लोक आणून टाकत होते, म्हणत होते, "घ्या, नासोरोचे बाबा, आमच्याकडच्यापण घ्या." खडी काढायचं काम मात्र त्याने कुणाला करू दिलं नाही. मी जबरदस्तीने भिंत ओलांडून गेले तेव्हा त्याने मला दुसरी टोपली दिली.

"टाकायची कुठे?" मी विचारलं.

तो रास होती त्या जागी गेला आणि टोपली तिथे हळूच ओतली. मग दुसरी. मी म्हटलं, "धक्क्यावर खड्डे आहेत, तिथे कामी येईल," तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीही माझी टोपली तिथेच ओतली.

दुपारपर्यंत आम्ही वाहत होतो. सरळ कापलेल्या दगडांची रास आता कुठली. पांढऱ्या तुकड्यांचा एक ढीग झाला, कमरेपेक्षा खाली. तो ढिगाशेजारी बसला, हाताला खडीचे चरे पडले होते. माझ्याकडे न बघता म्हणाला, "समुद्रातून मला काही उचलून आणता आलं नाही, अरफा. आठवडाभर शोधलं. एक चप्पलसुद्धा नाही. म्हणून वाटलं होतं, निदान हे दगड तरी कशाला तरी लागावेत. नुसते पडलेले बघवत नव्हते मला." मग म्हणाला, "तिला विचारायला हवं होतं."

मी रडले. तो रडला नाही. उठून करवंट्या फोडायला लागला.

पुढचा माठ असा आला की मीच भिंतीवरून चोरून दोन पानं खुडून पाहिली. गडद हिरवी, रुंद, देठ लाल. मसूदीची टोपली पुन्हा सुरू झाली. आता लिकोनीला मी ती झेनासमोर ठेवली तेव्हा तिने कपडा उचलला आणि एक पान उलटंसुलटं करून पाहिलं.

"पलीकडच्या बाजारातून घेतलीस वाटेत," ती म्हणाली.

"मग वास घे. माशाचा येतोय का बघ."

तिने खरंच वास घेतला. मग तिमाने ती पानं नारळाच्या दुधात शिजवली आणि मलाही वाढली. झेना जेवता जेवता म्हणाली, "खडी कुठे टाकली त्याने?"

"जिथे होती तिथे."

"जिथे होती म्हणजे?"

"राशीच्या जागी. टोपली टोपली वाहून. मला धक्क्यावर एक तुकडा नेऊ दिला नाही."

टोपली रिकामी परत आली. मसूदीने आत डोकावून पाहिलं, हात घालूनसुद्धा पाहिला, आणि म्हणाला, "धुऊन दिलीये." तेवढ्यावर त्याचा आठवडा निघाला.

असे काही महिने गेले. मासे पुन्हा त्याचं बोलणं ऐकत होते. मग एका सोमवारी तो भिंतीशी आला, हातात एक पान. कोवळं पान टोकाला वाकडं, करपलेलं. टाकीतले मासेही सुस्त, वर येऊन तोंड उघडत होते. मी म्विकालीला फोन लावला. तिने देऊन ठेवलेली कागदाची पट्टी बुडवायला सांगितली, मी रंग सांगितला.

"आता उलट झालंय," ती म्हणाली. "माशांच्या घाणीने पाणी हळूहळू आंबट होत जातं, आणि चुना तर आता कुठूनच मिळत नाहीये. कोवळं पान चुन्याशिवाय धड होत नाही. बी अरफा, घाबरू नका. तुमच्याकडे प्रवाळ आहेच. एक मूठभर खडी कापडात सैल बांधून टाकीत लटकवा. एकच मूठ. फार झाली तर काढता येते, कमी पडली तर पुन्हा घालता येते."

"एवढंच?"

"एवढंच. पण लवकर करा, मासे टिकायचे नाहीत."

मी फोन ठेवला आणि मसूदीला म्हटलं, "चला, घ्या मूठभर."

तो ढिगाकडे गेला, वाकला, आणि हात मागे घेतला. "नाही."

"नाही म्हणजे?"

"तिला विचारल्याशिवाय नाही. एकदा विचारलं नाही."

"अहो, मासे मरतील."

"मरतील."

"मग बाहेरचा आणा ना प्रवाळ. सगळं बेट त्याचंच आहे."

"बाहेरचा खारट आहे," तो म्हणाला, आणि मला कळलं की प्रश्न मिठाचा नाहीच. "फोन लावा तिला" म्हटलं तर तेही नाही. फोनवर ती नुसती 'हं' म्हणेल आणि ते 'हं' कसलं हे त्याला कळणार नाही. "तू जा. समोर बसून विचार. एक मूठ घेऊ का, एवढंच विचार."

मी गुरुवारची वाट पाहिली नाही. ऑक्टोपसशिवाय, टोपलीशिवाय, मंगळवारी सकाळी होडीत बसले, आयुष्यात पहिल्यांदाच. नावाड्याने विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही, गप्प वल्हव.

झेना मला बघून उभी राहिली. तिलाही वाटलं कुणी गेलं. मी तिला सगळं सांगितलं, आंबट पाणी, करपलेलं पान, मूठ. "ते तिथे ढिगाशी बसलेत आणि मासे मरतायत. मला पाठवलंय विचारायला. एक मूठ घेऊ का, म्हणून."

ती बसली. नात रांगत आली, तिला तिने तिमाकडे दिलं.

"विचारायला पाठवलं?" ती म्हणाली.

"हो."

"त्यांनी स्वतः सांगितलं, विचार म्हणून?"

"मी काय खोटं बोलायला इतक्या लांब आलेय?"

ती आत गेली आणि अंगाभोवती गुंडाळलेला सुती लेसो बदलून बाहेर आली. दुपारच्या होडीत पाण्याकडे पाठ करून बसली, अगदी नवऱ्यासारखी.

मसूदी धक्क्यावर होता. तिला पाहिल्यावर तो दोन पावलं पुढे आला आणि थांबला. "आलीस?"

"आले," ती म्हणाली आणि त्याच्या पुढून घराकडे चालू लागली.

अंगणात तिने तो ढीग पाहिला. भोवतालचं गवत उपटलेलं होतं. ते मी नव्हतं उपटलं. ती खाली बसली, खडीवर तळहात ठेवला आणि तशीच राहिली. मसूदी उभाच होता. शेवटी तो म्हणाला, "माझं चुकलं." असं म्हणताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की मी भिंतीपलीकडे जाऊन बसले. मलाही लाज आहे.

तिथूनच पाहिलं. तिने लेसोचा काठ दाताने धरून फाडला, ढिगातून एक मूठ घेतली, सैल गाठ मारली आणि पुरचुंडी टाकीत सोडली. दोरी त्याने बांधली. मग तिने दुसरी मूठ घेतली. ती लेसोच्या पदरात बांधली आणि कमरेला खोचली.

तिने भात केला, वर तीच टोकं करपलेली पानं परतली. तो पोटभर जेवला. संध्याकाळी होडीवाल्याने हाक दिली तेव्हा ती उठली. मी भिंतीवरून म्हटलं, "राहा की गं आता."

"तिमा कामावर जाते. पोरीला कोण बघणार?" ती म्हणाली. मग हळूच, मला नाही, त्याला: "राहवेलसं नाही वाटत अजून."

त्याने मान हलवली. धक्क्यावर सोडायला गेला, मीही गेले. होडीत चढताना ती म्हणाली, "ही मूठ विरघळली की दुसरी लागेल ना?"

"म्विकाली म्हणते लागेल," मसूदी म्हणाला.

"तुम्ही घालू नका. मला बोलवा. मी येऊन घालीन."

मासे वाचले. कोवळी पानं आठ-दहा दिवसांत सरळ झाली. टोपली दर गुरुवारी जाते आणि धुऊन परत येते. म्विकालीला मी विचारलं, एक मूठ किती दिवस पुरते? ती म्हणाली, प्रवाळ फार हळू विरघळतो, महिनेच्या महिने जातात, कधी वर्षही. हे मी मसूदीला सांगितलेलं नाही.

रोज सकाळी तो माशांना खाद्य घालतो, उशीर झाला असेल तर माफी मागतो, आणि मग दोरी ओढून पुरचुंडी वर काढतो. तळहातावर ठेवून तिचं वजन बघतो. मग भिंतीशी येतो, पाणी ठिबकत असतं, आणि माझ्यापुढे ती धरतो.

"बघ गं, अरफा. कमी झालीये का?"

मी हातात घेते. काल होती तेवढीच असते.

"झालीये जराशी," मी म्हणते.